चौदा नंबरची मोटार

९ जानेवारी

सूनबाई,

काल तू फोनवर पाऊण तास बोललीस आणि मी पाऊण तास ‘हो हो’ म्हणत राहिलो. त्यातलं निम्मं मला पोचलंच नाही. समोर ती सहा मजली इमारत उठल्यापासून आमच्याकडे रेंजची बोंब आहे. तेव्हा आपण कागदावरच बोलू. मी लिहितो, तुझा नवरा फोटो काढून तुला पाठवतो. तू लिहितेस, तो छापून माझ्या ताटाशेजारी ठेवतो, आज तुझं पहिलं पत्र ठेवलं तसं. शाळामास्तर मुलगा असण्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

तू म्हणतेस, तिकडे परदेशात त्यांच्या भाषेत प्रबंध लिहायला बसलं की मी दोन इयत्ता लहान होते. मला हे वाचून आश्चर्य वाटलं. माझ्या दुकानात उभं राहून विजेच्या मोटारी बांधणाऱ्या मिस्त्र्यांना गप्प करणारी बाई तू, आणि तिथे तुझ्या प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी ‘कदाचित’ आणि शेपटाला ‘असे वाटते’! तुझे मार्गदर्शक सर दोन्हीवर लाल रेघ मारतात ते बरोबरच करतात. आणि तुझी ती खोलीतली उंच मैत्रीण, तीही बिचारी दुसऱ्याच देशातून आलेली. ती तुझ्या चुका काढते, तू तिच्या काढतेस. ‘आता माझ्या चुका तिच्या प्रबंधात राहायला गेल्यात आणि तिच्या माझ्या’ हे वाक्य मी मोठ्यानं वाचलं, तर तुझ्या सासूबाई इतक्या हसल्या की चहा बशीत आणि बशीतून साडीवर.

एक सांगतो, धीर येईल. मी सतराव्या वर्षी ज्या वस्तादाकडे लागलो त्याची भाषा मला येत नव्हती. पहिल्या वर्षी मला त्याचे तीनच शब्द कळत. ‘आण’, ‘धर’ आणि एक शिवी. बाकी सगळा दिवस नुसता आवाज. मग मी माणसांचं ऐकायचं सोडलं आणि मोटारींचं ऐकायला लागलो. मोटार निदान तेच तेच बोलते. दुसऱ्या वर्षी वस्ताद मला गिऱ्हाइकांपुढे उभं करून विचारायला लागला, सांग रे, हिला काय झालंय. लोक मला ‘कानवाले’ म्हणतात त्याची सुरुवात ती. तेव्हा भाषा येत नाही म्हणून रडू नकोस. न येणाऱ्याचंही काहीतरी जास्त तयार होत असतं.

तुझा प्रश्न राहिला. चौदा नंबरची मोटार. गेल्या वर्षी तू इकडे आलीस तेव्हा आठ सोमवार आपण तो प्रयोग केला, दर सोमवारी गिऱ्हाइकांच्या पाच मोटारी. तू एकेक चालू करायचीस, मी हात मागे बांधून हातभर अंतरावरून ऐकायचो आणि बिघाड सांगायचो, मग मिस्त्री ती उघडून बघायचा. चाळीसपैकी सदतीस बरोबर आले. चौदा नंबरच्या आत फिरणाऱ्या रोटरला चीर होती, ती तुम्ही कशी ओळखलीत, असं तुझे सर विचारतात.

आता काय सांगू? ऐकू आलं, सांगितलं. वर्ष झालं त्याला.

तब्येत सांभाळ. उभ्यानं जेवत जाऊ नकोस.

तुझे बाबा


२८ जानेवारी

सूनबाई,

तुझं पत्र सलग तीन वेळा वाचलं. तुझ्या नवऱ्यानं कॉलर ताठ करून शाळेतल्या बायकांनाही वाचून दाखवलं म्हणे.

मला कळलं ते असं. रोटरची चीर मोटारीवर भार आला, म्हणजे तिला काही ओढायला लागलं, तरच आवाज करते. आपण मोटारी बाकावर मोकळ्याच चालवल्या होत्या. तुझ्या यंत्रांनी टिपलेल्या आवाजात चौदा नंबरपाशी काहीच सापडत नाही, सगळं साफ. आणि तरीही म्हाताऱ्यानं चीर सांगितली. म्हणजे यंत्राला ऐकू येत नाही ते माणसाला येतं. सर खुर्चीतून उठले, तुला सगळ्या विभागापुढे ते वाचायला लावलं, आणि मार्चमध्ये मोठ्या परिषदेत पुन्हा वाचायचं आहे. तिसरं प्रकरण याच्यावरच उभं आहे. आणि तू लिहितेस, ‘बाबा, दोन वर्षांत पहिल्यांदा मी कदाचितशिवाय वाक्य लिहिलं. त्या माणसाला ते ऐकू आलं. बस. सरांनी त्याच्यावर रेघ मारली नाही.’

वाक्य चांगलं आहे.

सहज विचारतो. समजा असा एखादा आकडा उद्या चुकीचा निघाला, तर तुमच्याकडे काय करतात? तेवढंच पान काढतात की सगळं प्रकरण? आपलं सहज. दुकानात एक कॉइल जळली तर मी तेवढीच बदलत नाही, सगळी बांधणी उतरवतो, म्हणून विचारलं.

इकडचं म्हणशील तर तुझ्या सासूबाईंनी टीव्हीवरून माझं डोकं खाल्लंय. ‘शेजारचे आता स्वतःचा टीव्ही लावतच नाहीत, आपल्यावरच बातम्या ऐकतात’ म्हणे. तिला बोलायची सवयच आहे. परवा दारावरची घंटा मी मुद्दामच ऐकली नाही, कामात होतो.

त्या आवाजाचं वर्णन तुम्ही तुमच्या शब्दांत लिहून पाठवा, मी भाषांतर करते, असं म्हणतेस. घरघर, खरखर, कुरकुर, किणकिण, घुं घुं ही तू केलेली यादी बघितली. त्यांच्या भाषेत या सगळ्याला दोनच शब्द आहेत म्हणून तू रडकुंडीला आलीस, ते वाचून वाईट वाटलं. चौदा नंबरचा आवाज असा होता की

वरची ओळ अर्धी राहिली आहे आणि त्याच्या खालच्या तीन मी खोडल्या आहेत. उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस, फोटोत दिसणारही नाही.

तुझे बाबा


१२ फेब्रुवारी

सूनबाई,

हे पत्र फोटोतून आलेलं नाही. पाकीट मी स्वतः चिकटवलं आणि स्वतः टाकून आलो. तुझ्या नवऱ्याला माहीत नाही, तुझ्या सासूबाईंना माहीत नाही. आधी खाली बस.

चौदा नंबरची चीर मला ऐकू आली नाही. मी ती बघितली होती.

गिऱ्हाइकांच्या मोटारी शनिवारी यायच्या. रविवारी दुकान बंद. तू आणि तुझा नवरा तुझ्या माहेरी जायचात, आणि मी किल्ली घेऊन दुकानात. पाचही मोटारी उघडायचो, आत काय आहे ते बघायचो, होत्या तशा बंद करायचो. बोल्टांच्या डोक्यांवर ग्रीस चोळायचो, पान्याची खूण दिसू नये म्हणून. सोमवारी तू चालू करायचीस आणि मी डोळे मिटून उभा राहायचो. डोळे मिटायची खरं तर गरज नव्हती, पण ते बरं दिसायचं. आठही रविवार. चाळीसच्या चाळीस.

तीन मी मुद्दाम चुकवल्या. सगळ्या बरोबर आल्या असत्या तर कोणालाही संशय आला असता. धंद्यात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं कळतं. फक्त चीर भाराशिवाय बोलत नाही हे मला कळलं नाही. कळणार कुठून? ती ऐकून किती वर्षं झाली!

डावा कान सहा वर्षांपूर्वी गेला. एका सकाळी नाही, हळूहळू, नळ गळावा तसा. उजवा त्याच्या मागोमाग निघाला आहे. समोरची इमारत बिचारी निर्दोष आहे, रेंज आमच्याकडे चांगली आहे. फोनवर तुझा आवाज मला घोंगडी पांघरल्यासारखा येतो. शब्द येत नाहीत, फक्त तू खुशीत आहेस की नाही एवढं कळतं. दुकानात मी मोटारीवर तळवा ठेवून सांगतो, लोकांना वाटतं ती माझी लकब आहे. उरलेलं गिऱ्हाईकच सांगतं. दोन मिनिटं गप्प बसलं की माणूस मोटारीची सगळी कुंडली आपणहून मांडतो.

पण तुझा नियम होता, हात लावायचा नाही. तू पहिल्याच दिवशी म्हणालीस, ‘बाबा, मी हा विषय तुमच्यामुळे घेतलाय.’ तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि त्यातून आलं, ‘बघ तर खरं, तुझ्या यंत्राला मागे टाकतो.’

माझे चाळीस आकडे फेकून दे. प्रकरण गेलं तरी. ते वाक्य खोटं आहे.

मला वाटलं होतं, एका म्हाताऱ्याची फुशारकी जाड पुस्तकात कुठेतरी चिणून जाईल. तू त्याच्यावर घर बांधशील असं वाटलं नव्हतं.

सही काय करू ते सुचत नाही.


१५ मार्च

सूनबाई,

‘पत्र मिळालं.’ एवढंच तू कळवलंस, त्याला तीन आठवडे झाले. रागाव. मी तुझ्या जागी असतो तर तेही कळवलं नसतं.

बाकीचं तुझ्या नवऱ्याकडून समजलं. आता घरात सगळ्यांना सगळं माहीत आहे, मीच जेवताना सांगितलं. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, ‘कानाचं मला पाच वर्षांपासून माहीत आहे, तुम्ही कधी सांगता याची वाट बघत होते. पण पोरीला फसवलंत हे नव्हतं माहीत.’ आणि ताट घेऊन आत गेल्या. तुझा नवरा काही बोलला नाही. त्याचं न बोलणं मला चांगलं ऐकू येतं.

तो म्हणाला, तू स्वतः सरांकडे गेलीस आणि तिसरं प्रकरण परत मागितलंस. परिषदेतलं वाचन रद्द केलंस. आणि तुला नीट शब्द सापडेनात, म्हणून सरांना आधी वाटलं की लबाडी तूच केलीस. ‘माझ्या सासऱ्यांनी’ इथपर्यंत पोचायला तुला तीनदा वाक्य मोडून पुन्हा सुरू करावं लागलं.

हे मला झोंबलं. लबाडी मी माझ्या भाषेत केली, आरामात, आणि कबूल तुला परक्या भाषेत करावी लागली.

सोबत वेगळा कागद आहे. त्यात मी काय केलं ते सगळं लिहिलं आहे, ग्रीससकट. सरांना दे. भाषांतर करताना एकही शब्द मऊ करू नकोस. ‘वयामुळे’ वगैरे घालू नकोस, वयानं बोल्ट उघडले नव्हते.

तिकडे राहायची परवानगी ऑक्टोबरअखेर संपते, आणि नव्यानं चाळीस मोटारी केल्याशिवाय प्रबंध उभा राहत नाही, हेही कळलं. मी मदत करू का, असं विचारायचं तोंड मला नाही. म्हणून न विचारता एक काम केलं. रस्ता ओलांडून पलीकडच्यांकडे गेलो.

पलीकडचे म्हणजे समोरचे मोटारवाले. माझा हेड मिस्त्री त्यांनी फोडला तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, आम्ही एकमेकांच्या गिऱ्हाइकांकडे बघतो, एकमेकांकडे नाही. मी पायरीवर उभा राहिलो तर म्हणाले,

“काय कानवाले, रस्ता चुकलात?”

“नाही. तुमचे कान मागायला आलोय.”

ते हसले. मग माझं तोंड बघून थांबले. “सांगा की. पण ओरडताय कशाला? मला येतं ऐकू.”

“मला येत नाही,” मी म्हणालो.

घराबाहेर हे मी पहिल्यांदाच म्हणालो, सूनबाई. त्यांनी मागे वळून ग्राइंडर बंद करायला सांगितला. स्टूल उचलून माझ्या डावीकडे ठेवलं, मग माझी मान वळलेली बघून पुन्हा उचललं आणि उजवीकडे ठेवलं. “आता बोला,” म्हणाले. सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, “तुमच्या सुनेनं माझ्याही दुकानात विचारलं होतं तेव्हा. मी म्हटलं, ‘कानवाल्यांकडे जा, मी त्यांच्यापुढे कोण?’” आणि पाठीवर अशी थाप मारली की मी स्टुलावरून पडतो की काय.

ते आणि ओळखीतले आणखी सहा मिस्त्री तयार आहेत. नियम तू सांगशील ते. उत्तर नाही दिलंस तरी मी त्यांना सांगून ठेवलंय.

बाबा


१० जून

सूनबाई,

तुझे तीन पानी नियम मार्चअखेरच आले. वर ‘बाबा’ लिहिलं आहेस, ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. बाकीचं एकदाच, पण नीट.

सगळं तू सांगितलंस तसं. मोटारी आम्ही कोणी बघितल्या नाहीत. तुझ्या नवऱ्यानं त्या बाहेरगावच्या कारखान्यांतून आणवल्या, बिघाडाची यादी शाळेच्या कपाटात कुलपात, किल्ली मुख्याध्यापिकांच्या पर्समध्ये. प्रयोग पलीकडच्यांच्या शेडमध्ये, मोटारींवर चादरी. आधी मोकळ्या चालवायच्या, मग पट्टा लावून भारावर. आठ खुर्च्या, आठ नंबर. तू लिहिलंस की प्रबंधात कोणाचं नाव नसतं, नंबरच असतो. पलीकडचे म्हणाले, “म्हणजे एवढं करून कोणाला कळणारच नाही मी कोण ते?” मी म्हटलं, “म्हणूनच मी धीर करतोय.”

मला बसवू नकोस असं मी तुला कळवलं होतं. तुझं उत्तर आलं, ‘तुम्ही मागच्या वेळी माझ्या प्रयोगात होतात, याही वेळी असाल. सगळ्यांना तेच नियम.’ मी लग्नात तुला मवाळ समजलो होतो.

तर बसलो. डोळे उघडे ठेवून. सूनबाई, अर्ध्याअधिक मोटारी मला नुसत्या हलणाऱ्या चादरी दिसत होत्या. शेजारी पलीकडचे झरझर लिहीत होते आणि माझी पेन्सिल कागदावर टेकवलेली. कोणाच्या कागदाकडे बघितलं नाही. एकदा मान वळायला लागली, तर तुझ्या नवऱ्यानं वर्गात खाकरतात तसं खाकरलं. ते बरं ऐकू आलं!

आठवा रविवार संपल्यावर यादी उघडली. पलीकडच्यांचे चौतीस. बाकीच्यांचे एकवीस ते एकतीस. नंबर आठचे तेरा.

पलीकडचे म्हणाले, “कानवाले, आता दुकानावरची ती नावाची पाटी बदला.”

“तुम्हीच घेऊन जा ती.”

“नको हो. माझ्या भिंतीवर जागा नाही.” आणि चहा मागवला. बिस्किटाचा पुडा माझ्याकडे सरकवला, आधी माझ्याकडे.

तुझ्यासाठी महत्त्वाचं ते खाली लिहितो. चीर पडलेल्या मोटारी पाच होत्या. मोकळ्या चालवल्या तेव्हा आठांपैकी एकालाही कळल्या नाहीत. भारावर पाच जणांना कळल्या, तुझ्या यंत्रांच्या बरोबरीनं. म्हणजे यंत्राच्या पुढे कोणी गेलं नाही, पण मागेही पडलं नाही. पहिल्या गोष्टीपेक्षा ही छोटी आहे. पण ही उघडून बघितलेली नाही.

तुझे बाबा


३ ऑक्टोबर

डॉक्टरबाई,

हा शब्द लिहून मी पेन खाली ठेवलं आणि दुकानात एक चक्कर मारून आलो. आता पुढे.

तोंडी परीक्षेची तुझी सगळी हकिगत तुझ्या नवऱ्यानं दोन प्रतींत छापली. एक मला, एक पलीकडच्यांना. त्यांनी ती चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवली आहे. तुझ्या सासूबाईंना मी वाचून दाखवली, त्यांनी मध्येच हिसकावून घेतली आणि मला वाचून दाखवली, मोठ्यानं, उजव्या बाजूला बसून.

तू लिहितेस की प्रबंधात ‘कदाचित’ परत आला आहे, पण आता तो जिथे हवा तिथेच आहे, आणि सरांनी एकावरही रेघ मारली नाही. माझा तो कागद शेवटी जोडला आहेस, डाव्या पानावर माझं मराठी अक्षर आणि उजव्या पानावर तुझं भाषांतर. एकही शब्द मऊ केला नाहीस म्हणतेस. मला ते वाचता येणार नाही, पण तुझ्यावर माझा विश्वास आहे. माझ्यावर नव्हता, तेव्हाही तुझ्यावर होता.

तो बाहेरून आलेला परीक्षक. त्यानं म्हणे चष्मा वर करून विचारलं, ‘सात जण चांगले आहेत. हा आठवा कशाला ठेवलात? याच्यामुळे तुमची सरासरी खाली येते. काढला असता तर कोणी हरकत घेतली नसती.’ आणि तू गडबडलीस. दोन वाक्यं सुरू केलीस, दोन्ही सोडलीस. मग तू आधी मनात मराठीत बोललीस आणि ते जसंच्या तसं त्यांच्या भाषेत मांडलंस, व्याकरण गेलं तर गेलं म्हणून.

‘हे तेरा आहेत म्हणून ते चौतीस खरे आहेत. हा माणूस उत्तरं बघू शकत होता. त्यानं बघितली नाहीत.’

परीक्षकानं पुढचा प्रश्न विचारला, बस, एवढंच लिहिलंस. हे वाचल्यावर मी काय केलं ते तुझा नवरा तुला सांगेल. मी लिहिणार नाही.

आता माझं. गुरुवारी उजव्या कानाला यंत्र बसवायला जातो आहे. पलीकडचे बरोबर येतायत, म्हणतात तिथे कोणी तुम्हाला फसवायला नको, जसा काही मीच फसणारा. तिथल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला आधीच बजावलं. म्हणाल्या, “काका, पहिल्या दिवशी खूश होऊ नका. आवाज सगळे येतील, पण ओळखीचे वाटणार नाहीत. घरच्यांचं बोलणंसुद्धा परकं वाटेल. कोणता शब्द कुठे सुरू झाला, कुठे संपला, ते कळणार नाही. लोक हसले तर तुम्हाला वाटेल आपल्यालाच हसले. दमायला होईल. वाटेल, काढून ठेवावं. काढायचं नाही. रोज थोडं थोडं, वर्षभर.”

मी मान हलवली. बाहेर आल्यावर तुझ्या सासूबाईंनी विचारलं, घाबरलात का? मी म्हटलं, नाही, आपल्या घरात एक जण हे करून बसली आहे.

तू येशील तेव्हा मी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असेन. एकदम भरभर बोलू नकोस, आणि मी चुकीच्या जागी हसलो तर सांभाळून घे. पण गुरुवारच्या आत मला एक लिहून पाठव, सविस्तर, काहीही न गाळता. तिथे पहिल्या दिवशी तू वर्गात जाऊन बसलीस, सगळे बोलत होते आणि तुला काहीच कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा गेलीस. ती कशी गेलीस?

तुझे बाबा